गोळी केव्हा पोहोचली, ते मुलांना सांगा

प्रश्न: मी ग्रामीण भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. रेड रिबन क्लबची जबाबदारी माझ्याकडे आहे. दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, फेरी, घोषवाक्यं, रांगोळी, पोस्टर स्पर्धा हे सगळं होतं, पण मुलांना वाटतं की एड्स ही आईवडिलांच्या काळातली गोष्ट आहे. या आजाराने जगाचं काय केलं, ते यंदा मुलांपर्यंत पोहोचावं अशी इच्छा आहे. आकडे सांगितले की मुलं जांभया देतात, भीती घातली की हसतात. काय सांगावं, कसं सांगावं?

उत्तर:

सर, मी २००२ सालापासून समुपदेशक म्हणून काम करते. सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्हीच्या, म्हणजे एड्सच्या विषाणूच्या, तपासणी केंद्रात झाली. तेव्हा त्याला व्हीसीटीसी म्हणायचे, आता आयसीटीसी म्हणतात. पुढे एआरटी केंद्रात, म्हणजे जिथे औषधं देतात तिथे, आले, ती आजवर तिथेच आहे. तुमच्यासारख्या शिक्षकांनी बोलावलं म्हणून बऱ्याच कॉलेजांत जाऊन बोलले. त्या अनुभवावरून सांगते, मुलांना या आजारातला उशीर सांगा. औषध कधी निघालं, कुठे कधी पोहोचलं, मधल्या वर्षांत कोण गेलं आणि का गेलं, एवढं नीट सांगितलंत तरी पुष्कळ झालं.

आकडे अगदी टाळू नका, पण मोजके घ्या आणि मुलांच्या हातात मावतील असे करून द्या. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२४ च्या अखेरीला जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यातल्या ३ कोटी १६ लाख लोकांना औषध मिळत होतं. म्हणजे ९२ लाख लोक औषधाविना. त्या एका वर्षात सुमारे १३ लाख लोकांना नव्याने लागण झाली आणि ६ लाख ३० हजार लोक दगावले. हा शेवटचा आकडा फळ्यावर लिहा आणि मुलांनाच भागाकार करायला लावा. साधारण पन्नास सेकंदांना एक माणूस येतो. तुमचा तास पंचेचाळीस मिनिटांचा असेल तर घंटा होईपर्यंत पन्नासहून जास्त माणसं. हे गणित मी स्वतः सांगत नाही, मुलांकडून करवून घेते. स्वतःच्या हाताने काढलेलं उत्तर विसरलं जात नाही. आणि ज्या आजारावर रोज एक गोळी पुरते, त्या आजाराने ही माणसं जातात, हे उत्तर निघाल्यावर सांगायचं, आधी नाही.

आता उशिराकडे येते.

१९८१ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. या आजाराची ती पहिली अधिकृत नोंद. दोन वर्षांत, १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. १९८७ मध्ये पहिलं औषध आलं, पण ते एकटं फार काळ टिकत नसे. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र दिल्याचे निष्कर्ष मांडले गेले आणि श्रीमंत देशांत अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामावर जायला लागली. म्हणजे १९९६ मध्ये उत्तर सापडलं होतं. जगात एड्सने सगळ्यात जास्त माणसं कोणत्या वर्षी गेली, असं मुलांना विचारा. बहुतेक जण १९९० च्या आसपासचं साल सांगतील. खरं साल २००४. त्या एका वर्षात सुमारे २१ लाख माणसं गेली, औषध सापडल्याला आठ वर्षं झाल्यावर. मी आजवर जिथे जिथे हे सांगितलं, तिथे वर्ग गप्प झाला आहे. एक मिनिट तसाच जाऊ द्या. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ‘का?’ असं विचारतं. तुमचा तास तिथून सुरू होतो.

या ‘का’चं पहिलं उत्तर पैसा. त्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणसामागे दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या ज्या देशांत सगळ्यात जास्त रुग्ण होते, त्या देशांच्या सरकारांनाही तो झेपण्यातला नव्हता. श्रीमंत देशांतले काही अधिकारी तेव्हा उघडपणे म्हणायचे, की आफ्रिकेतल्या माणसांना वेळेवर गोळ्या घेणं जमणारच नाही. याचं उत्तर नंतर त्याच माणसांनी दिलं. वर्षानुवर्षं नेमाने गोळ्या घेऊन दाखवल्या.

इथे आपली मुंबई येते, आणि हे मुलांना सांगायलाच हवं. आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा असा होता की औषध बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळे, औषधावर मिळत नसे. पद्धत बदलून तेच औषध इथल्या कंपन्यांना बनवता येई. त्या आधारावर २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी जाहीर केलं, की तीन औषधांचा वर्षाचा साठा आम्ही ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला माणसामागे ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरसुद्धा पडत नव्हता. पुढे तिन्ही औषधं एकाच गोळीत आली. दहा-बारा हजारांवरून साडेतीनशेवर भाव आला आणि सगळा वादच बदलला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वस्त औषधांना वाट देणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या एकोणचाळीस औषध कंपन्यांनी आपला दावा मागे घेतला. २००२ मध्ये एड्स, टीबी, मलेरियाशी लढायला देशांना पैसा देणारा ग्लोबल फंड सुरू झाला, २००३ मध्ये अमेरिकेने परदेशांतल्या एड्सग्रस्तांच्या उपचारांसाठी पेपफार नावाची मोठी योजना जाहीर केली. स्वस्त गोळी नसती तर तेवढ्या पैशात फार थोडी माणसं वाचली असती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. २००२-०३ मध्ये आमच्या केंद्रात जी खोली होती, तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा डबा होता. औषध नव्हतं. साडेतीनशे डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने सोळा हजार रुपयांच्या आसपास. आमच्याकडे येणारी माणसं ऊसतोडीची, ट्रकवर जाणारी, हमाली करणारी. मुंबईच्या कंपनीची गोळी आफ्रिकेला निघाली आहे हे पेपरात वाचायचं आणि चार-पाच तासांच्या अंतरावर बसलेल्या बाईला सांगायचं, की सकस खा, पाणी उकळून प्या, खोकला झाला तर लगेच या. रिपोर्ट हातात देताना आम्ही खरं तर मरणाची तयारी करून घेत होतो. मुलांची नावं कोणाच्या रेशनकार्डावर घालायची, घर कोणाच्या नावावर आहे, हे प्रश्न मी चोविसाव्या वर्षी लोकांना विचारत होते.

एक जोडपं अजून डोळ्यांसमोर आहे. तो ट्रकवर होता. दोघांचा रिपोर्ट एकाच दिवशी आला. २००४ च्या जानेवारीत तो गेला. त्या वर्षीच्या १ एप्रिलला सरकारने देशात मोफत औषधोपचार सुरू केला. देशभरात आठ केंद्रं होती, आपल्याकडे मुंबईचं जे. जे. रुग्णालय. ती बाई महिन्यातून एकदा रात्रीच्या एसटीने मुंबईला जायची, सकाळी रांगेत उभी राहायची, गोळ्या घेऊन रात्री परत निघायची आणि दुसऱ्या दिवशी मजुरीला जायची. पुढे जिल्ह्यात केंद्र आलं. ती आजही आमच्याकडे येते. मुलगी निगेटिव्ह आहे, शिकून नोकरीला लागली. नवरा जानेवारीत गेला आणि औषध एप्रिलमध्ये आलं. तीन महिन्यांचा हा फरक मी कुठल्याही आलेखापेक्षा आधी सांगते. (तुम्ही सांगताना गाव, जात, धंदा यातलं काहीही ओळख पटेल असं सांगू नका. मीही इथे तपशील बदलले आहेत.)

‘का’चं दुसरं उत्तर सत्तेवरच्या माणसांचा नकार. यासाठी दक्षिण आफ्रिका सांगा. जगात सगळ्यात जास्त एचआयव्हीबाधित माणसं त्या एका देशात आहेत. २००० च्या जुलैमध्ये डर्बनला जागतिक परिषद भरली. उद्‌घाटनाला न्कोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा बोलला. जन्मतःच त्याला लागण झालेली होती. शाळेने त्याला प्रवेश द्यायला आढेवेढे घेतले तेव्हा त्याला सांभाळणारी आई भांडली होती. गरोदर बायांना सरकारने औषध द्यावं, म्हणजे मुलांना हा आजार होणार नाही, एवढंच मागणं त्याने मांडलं. वर्षभरात, १ जून २००१ ला, तो गेला. आणि त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना मात्र एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच मान्य नव्हतं. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाचं महत्त्व सांगत होत्या. औषध विषारी आहे असा प्रचार सरकारच करत होतं. लोकांनी रस्त्यावर येऊन, कोर्टात जाऊन ते बदलायला लावलं. ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ या संघटनेचे झॅकी अखमत स्वतः बाधित होते. सरकारी दवाखान्यात गरिबाला औषध मिळत नाही तोवर मीही घेणार नाही, असं म्हणून त्यांनी कित्येक वर्षं औषध घेतलं नाही. २००२ च्या जुलैमध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने सरकारला बजावलं, की गरोदर मातांना औषध द्यावंच लागेल. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला. त्या सरकारच्या उशिरामुळे ३ लाख ३० हजारांहून जास्त माणसं नाहक गेली आणि सुमारे ३५ हजार बाळं लागण घेऊन जन्मली.

इथे एखादा मुलगा हसून म्हणेल, लसणाने कसा बरा होईल! त्याला विचारा, तुझ्या तालुक्यात ‘गॅरंटीने बरा करतो’ म्हणणारे किती जण आहेत? आमच्याकडे गोळ्या सोडून जाणाऱ्यांत दरवर्षी असे काही निघतात. कोणीतरी चूर्ण दिलेलं असतं, पंचवीस-तीस हजार घेतलेले असतात. सहा महिन्यांनी ते परत येतात तेव्हा पाय ओढत येतात.

खाणकामगारांची गोष्टही सांगावी असं मला वाटतं, कारण आपल्या भागाला ती लगेच कळते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत लेसोथो, मोझांबिक, मलावी इथून लाखो पुरुष कामाला जात. बायकोमुलांना सोबत नेता येत नसे. वर्षातले बहुतेक महिने पुरुषांच्याच वसतिगृहात काढायचे, आजूबाजूला दारूचे गुत्ते आणि पोटासाठी शरीर विकणाऱ्या बाया. सुट्टीत गावी यायचं. घरातच असलेल्या बायकोला लागण कुठून झाली, याचं उत्तर या व्यवस्थेत आहे. आता सातारा-सांगलीकडची घरं आठवा. पुरुष मुंबईला माथाडीत किंवा गिरणीत, एका गाळ्यात वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपणार, जेवण खाणावळीत, गणपतीला आणि जत्रेला गावी. पुढे ट्रकचा धंदा वाढला, महामार्ग झाले. आमच्याकडे सुरुवातीला आलेल्या कितीतरी विधवांनी आयुष्यात नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवला नव्हता, आणि सासरचे म्हणायचे, हिनेच माझ्या लेकाला खाल्लं. वाईट चालीच्या माणसांचा रोग, ही समजूत मोडायची असेल तर मुलांना नीतीचं व्याख्यान देऊ नका. माणसं घरापासून तोडणारी कामाची पद्धत दाखवा. ती पद्धत जोहान्सबर्गला होती आणि डोंगरीलाही होती.

त्या देशांवर झालेला परिणाम यातून सांगता येतो. १९९० च्या सुरुवातीपासून २००५ पर्यंत दक्षिण आफ्रिकेतलं सरासरी आयुर्मान जवळपास दहा वर्षांनी घटलं. बोत्सवाना हा हिऱ्यांच्या खाणींमुळे बरा सुस्थितीतला देश. तिथे एक काळ असा होता की चार प्रौढांपैकी एकाला लागण होती. हा आजार म्हाताऱ्यांना आणि लहानांना सोडून मधली कमावती पिढी उचलतो. शिक्षक जातो, परिचारिका जाते, बैल हाकणारा जातो. मागे आजी आणि नातवंडं. शेत पडीक, मुलगी शाळा सोडून धाकट्यांचं बघते. आपल्याकडेही अशी घरं झाली. पंढरपूरची ‘पालवी’, पुण्याचं ‘मानव्य’, लातूरजवळचं ‘सेवालय’ या संस्था त्यांतल्याच पोरक्या मुलांसाठी उभ्या राहिल्या.

बोत्सवानाचं पुढचं पानही वाचा, ते मुलांना उभारी देणारं आहे. २००२ मध्ये त्या देशाने सगळ्यांना मोफत औषध द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत सगळ्यात आधी. योजनेचं नाव ‘मासा’, त्यांच्या भाषेत पहाट. आईकडून बाळाला होणारी लागण तिथे पाच टक्क्यांच्या खाली आली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद घेतली. उपचार नसतील तर हेच प्रमाण पंधरा ते पंचेचाळीस टक्के असतं.

शास्त्राचा भाग थोडक्यात उरका, पण एक गोष्ट सोडू नका. औषध नियमित घेतलं आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, की त्या माणसापासून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या अभ्यासांत नऊ देशांतली १७६३ जोडपी असलेला एक मोठा अभ्यास होता. एका जोडीदाराला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, अशी जोडपी. त्यात चेन्नई आणि आपलं पुणे होतं. २०११ मध्ये निकाल आला, लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुण्यातल्या साध्या घरांतली नवरा-बायको वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिली म्हणून हे ज्ञान जगाला मिळालं. ती नावं कोणाला कधी कळणार नाहीत. जगावरचा परिणाम सांगताना हेही सांगा, की जगाला आपण काय दिलं.

चेन्नईवरून आठवलं. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा शोधला तो १९८६ मध्ये, चेन्नईला, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. आपल्या देशात हा आजार असूच शकत नाही, आपली संस्कृती वेगळी आहे, असं मोठमोठी माणसं म्हणत होती त्या काळात दोन बायकांनी रक्ताचे नमुने तपासायचं ठरवलं. तुमच्या वर्गातल्या मुलींना हे आवडेल.

आता ‘का’चं तिसरं उत्तर. माझ्या मते आज आपल्याकडे हेच सगळ्यात मोठं आहे. लाज. पैशाचा उशीर बराचसा संपला. गोळ्या मोफत, तपासण्या मोफत. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, कितीही असोत, लगेच औषध सुरू होतं. तरीही दर महिन्याला आमच्याकडे असं कोणीतरी येतं ज्याच्या या पेशी पन्नासच्या खाली गेलेल्या असतात. मागच्या वर्षी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक मुलगा आला. शिकलेला, पुण्यात चांगली नोकरी. दीड वर्षापूर्वीच खाजगी प्रयोगशाळेत त्याला कळलं होतं. गावाकडच्या केंद्रात ओळखीचं कोणी दिसेल म्हणून गेला नाही, पुण्यातल्या केंद्रात ऑफिसातलं कोणी दिसेल म्हणून गेला नाही. आला तेव्हा टीबी मेंदूपर्यंत गेलेला. इंटरनेटवर सगळं वाचलेलं होतं त्याने. माहिती कमी पडली नव्हती. तो वाचला, पण एका बाजूची ताकद अजून पूर्ण आलेली नाही. २००४ चा ट्रकवाला औषध नव्हतं म्हणून गेला. या मुलाला रस्त्यापलीकडे औषध होतं आणि रस्ता ओलांडता आला नाही.

लाजेचा इतिहास सांगायचा तर गोव्याचे डॉमिनिक डिसोझा यांचं उदाहरण घ्या. हा तरुण नियमित रक्तदान करायचा. १९८९ मध्ये रक्त तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं आणि पोलिसांनी त्याला उचललं. राज्याच्या आरोग्य कायद्याचा आधार घेऊन जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकट्याला डांबून ठेवलं. गुन्हा काहीही नव्हता. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, कोर्टात धाव घेतली. तो सुटला, पण असं वेगळं ठेवण्याचा सरकारचा अधिकार कोर्टाने तेव्हा मान्यच केला. डॉमिनिक १९९२ मध्ये गेले. तेव्हापासून बाधितांना संरक्षण देणाऱ्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यापर्यंत पंचवीस वर्षं लागली. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, नोकरीतून वा शाळेतून काढता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत. बाधित स्त्रीला आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. हा शेवटचा मुद्दा मी विधवांना कागदावर लिहून देते.

कायदा आहे म्हणून सगळं सरळ झालं असं नाही. आमच्या एका बाईला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं होतं. रिपोर्ट कळल्यावर फाइलवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं, पलंगाला ती फाइल अडकवली आणि संध्याकाळी ‘मशीन बिघडलंय’ म्हणून घरी पाठवलं. तोपर्यंत वॉर्डातल्या सगळ्यांनी ते वाचलेलं. त्यात तिच्या गावचे दोघं होते. ती त्यानंतर चार महिने गोळ्या न्यायला आली नाही. आम्ही घरी जायचं तरी कसं? आमची गाडी दारात दिसली तर आणखी बोभाटा. शेवटी तिच्यासारखीच औषधावर असलेली एक मैत्रीण बचतगटाचं निमित्त काढून गेली आणि तिला घेऊन आली.

माझी स्वतःची एक चूकही सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये. २००३ मध्ये एका कॉलेजात मी कवटीचं चित्र लावून बोलले. ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असं मोठ्याने म्हणवून घेतलं. टाळ्या पडल्या. दोन वर्षांनी एक मुलगी वडिलांना घेऊन केंद्रात आली. मला ओळखून म्हणाली, मॅडम, तुम्ही आमच्या कॉलेजात आला होतात, त्या दिवशी घरी जाऊन मी पप्पांचं ताट वेगळं केलं. वडील शेजारीच बसले होते. ती माफी मागत होती की माझ्यावर चिडली होती, मला कळलं नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही वर्गात उभी राहिले की आधी गृहीत धरते, की इथे एखाद्याच्या घरी गोळ्या चालू आहेत. कदाचित त्याच्या स्वतःच्याच. महाराष्ट्रात बाधितांची संख्या देशात सगळ्यात जास्त आहे, त्यामुळे असं धरून चालण्यात काहीच वावगं नाही. जन्मतः लागण झालेली कितीतरी मुलं आज कॉलेजच्या वयाची आहेत. ती तुमच्या फेरीत घोषणा देत चालतात, सर. घोषवाक्यं निवडताना त्या मुलाच्या कानांनी ऐका.

मुलं ‘हे जुनं झालं’ म्हणतात ना, त्यांना २०२५ सांगा. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली. पेपफारच्या पैशावर चालणारी आफ्रिकेतली कितीतरी केंद्रं बंद पडली, समुपदेशक, गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या घरी बसल्या. काही कामं नंतर पुन्हा सुरू झाली, पण सगळी नाही. मदत कायमची बंद झाली तर २०२९ पर्यंत आणखी ४० लाख मृत्यू होतील, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाने त्या वर्षी मांडला. आपल्या देशाचा कार्यक्रम मुख्यतः आपल्याच सरकारच्या पैशावर चालतो म्हणून आमच्या केंद्राचं दार त्या दिवशी उघडं होतं. पण मलावीतल्या माझ्यासारख्याच एखाद्या बाईने सकाळी येऊन दाराला कुलूप पाहिलं असेल, हा विचार मला कित्येक दिवस सोडत नव्हता. गोळी महिनाभर चुकली तर विषाणू पुन्हा वर येतो हे तिला माझ्याइतकंच माहीत असणार.

आणि त्याच वर्षी दुसरी बातमीही होती. लेनाकॅपाविर नावाचं इंजेक्शन. सहा महिन्यांतून एकदा घेतलं की लागण टाळता येते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २१३४ तरुणींना ते दिलं, त्यातल्या एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत त्याचा भाव वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर ठेवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की हैदराबादच्या दोन कंपन्या तेच औषध २०२७ पासून गरीब आणि मध्यम देशांसाठी वर्षाला ४० डॉलरला बनवतील. मुलांसमोर २००१ आणि २०२५ शेजारी शेजारी मांडा. दहा हजार आणि साडेतीनशे, अठ्ठावीस हजार आणि चाळीस. मग विचारा, या खेपेला पोहोचायला किती वर्षं लागतील, आणि ती कमी करायला कोण काय करू शकतं? माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही, त्यांच्याकडून येऊ द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं. फेरी काढा, मी नको म्हणणार नाही. पण तिचा शेवट ग्रामपंचायतीच्या चौकात करण्याऐवजी ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीच्या दारात करा. बहुतेकांना ती खोली कुठे आहे हेच माहीत नसतं. समुपदेशकाला आधी फोन करून ठेवा. मुलांनी आत जाऊन बघावं, तपासणी कशी होते, नाव कसं गुप्त ठेवतात, वेळ किती लागतो. दार एकदा पाहिलेलं असलं की पुढे कधी गरज पडली तर पाय अडखळत नाहीत. कॉलेजात सगळ्यांची रक्त तपासणी ठेवू नका. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात, आणि रांगेत उभं करून घेतलेली संमती ही संमती नसते. १०९७ हा मोफत मदत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि वर्षभर पुसू नका. पोस्टर स्पर्धेऐवजी वर्गाच्या भिंतीवर एक लांब दोरी बांधा, १९८१ पासून आजपर्यंतची वर्षं लावा, एका रंगात ‘कधी सापडलं’ आणि दुसऱ्या रंगात ‘कुठे कधी पोहोचलं’ अशा चिठ्ठ्या मुलांना अडकवायला सांगा. लॉस एंजेलिस, डर्बन, मुंबई, मग तुमचा जिल्हा. तुमच्या जिल्ह्यात एआरटी केंद्र कोणत्या साली आलं हे मुलांनी स्वतः विचारून आणावं.

औषधावर असलेल्या व्यक्तीला कार्यक्रमात बोलवायचं असेल तर थेट कोणाला गाठू नका, जिल्ह्यातल्या बाधितांच्या संघटनेमार्फत विचारा. तयार होणाऱ्याला मानधन आणि प्रवासखर्च द्या. ‘तुम्हाला कसा झाला?’ हा प्रश्न मुलांनी विचारायचा नाही, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आमच्या केंद्रावर मुलं आणणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी गोळ्या न्यायला गर्दी असते. एका वेळी पंधरा जण पुरेत. मोबाइल बाहेर तुमच्याकडे जमा करून घ्या, कारण रांगेत बसलेल्या माणसाला हातातला फोन दिसला तरी तो उठून निघून जातो.